दुसरा भोंगा

धरणाच्या जाळीवर काय काय येऊन अडकतं ते एकदा जाळीवाल्याला विचारावं. लोकांना वाटतं पाणी येतं, वीज होते, झालं. पण पाणी कधी एकटं येत नाही. चपला, फाटक्या गाद्या, मेलेली कुत्री, दाराच्या चौकटी, बाटल्यांचे ढीग, आणि या सगळ्याला गुंडाळून ती जलपर्णी, उपटावी तितकी वाढणारी. हे लचांड मशीनच्या नळात शिरलं तर चाकाची पाती मोडायची. म्हणून नळाच्या तोंडाशी लोखंडी गजांची उंच जाळी उभी केलेली, आणि जाळीच्या डोक्यावर, हातभर रुंदीच्या फळीवर, हा उभा.

हातात लांबलचक पाइपाला जोडलेलं लोखंडी दाताळं. ते गजांना घासत खोल सोडायचं, कचऱ्यात रुतवायचं आणि कमरेतून वाकून वर ओढायचं. मशीन चालू असली की नळ आतून पाणी ओढत असतो, आणि कचरा गजांना असा चिकटतो की वाटावं खालून कुणीतरी धरून ठेवलंय. पूर्वी इथे दोन माणसं होती. एक दाताळं मारायचा, दुसरा कचरा ढकलगाडीत भरून टाकून यायचा. उन्हाळा लागला तसा ठेकेदाराच्या मुकादमाने दुसऱ्याला घरी बसवला. "तळ्यात पाणीच नाही, तर कचरा कुठून येणार?" असं त्याचं म्हणणं. तळं आटलं की तळची घाण वर येते, हे त्याला कोण सांगणार? सांगायला जावं तर आपणही घरी बसायचं. तेव्हा जाळीवाला दोघांचं काम एकटा रेटत होता. घरी जेवायला बसला की घास धरायला बोटं उलगडत नसत, दाताळ्याच्या दांड्याला असावीत तशी वळलेलीच राहत. बायको त्याची बोटं एकेक करून सरळ करून द्यायची.

वीजघर धरणाच्या पायथ्याशी, त्यात दोन मशिनी. प्रत्येकीचा नळ वेगळा आणि जाळीही वेगळी.

"वीज काढून झाल्यावर पाण्यात काय राहतं हो?" बायकोने त्याला एकदा विचारलं होतं.

"पाणीच राहतं. खर्च काही होत नाही. उंचावरून नळातून पडतं, पडताना चाक फिरवतं. चाकाच्या दांड्यावर चुंबकांचं भलंमोठं चक्र बसवलंय, भोवती तांब्याची वेटोळी. चक्र फिरलं की वेटोळ्यांत वीज. ती तारांवरून शहरात, आणि पाणी आपलं खाली नदीत."

"म्हणजे त्यांना नुसतं पडण्याचे पैसे मिळतात," म्हातारा म्हणाला. "मी जन्मभर न पडण्याचे घेतले."

म्हातारा म्हणजे जाळीवाल्याचा बाप. धरण व्हायच्या आधी तो याच नदीवर नाव चालवायचा. धरण झालं, त्यांचं शेत वरच्या तळ्यात गेलं, आणि खालची नदी घोट्याएवढी उरली. घोट्याएवढ्या पाण्यात नावेत कोण बसतंय? म्हाताऱ्याने नाव मोडीत काढली नाही. वीजघराच्या खाली, नदीच्या वळणापलीकडे, पात्राच्या मधोमध वाळूचा लांबट उंचवटा होता. तिथे चार दगडांवर त्याने ती पालथी घातली आणि तिच्या सावलीत बसायला लागला.

त्या उंचवट्यावर यंदा या घराने कलिंगडं लावली होती.

सगळ्या गावाला नदीचं एक गणित पाठ होतं, आणि ते भोंग्यावर चालायचं. एक मशीन लागणार असली की वीजघराचा भोंगा एकदा लांब वाजे. मग पाणी यायचं ते उंचवट्याच्या कडेच्या धारेतून निमूट निघून जायचं. वाळूत काम करणारे मान वर करून बघतसुद्धा नसत. दोन्ही मशिनी लागणार असल्या की एक भोंगा, मग श्वास घेण्याइतकं थांबून दुसरा. दुसरा वाजला की मात्र हातातलं टाकून काठ गाठायचा, कारण दोन्हीचं पाणी उंचवट्यावरून जायचं. यंदा तळं खपाटीला गेलेलं. संध्याकाळी एकच मशीन लागायची, एकच भोंगा. म्हणून तर त्यांनी वाळूत हात घातला होता.

हात घातला म्हणजे काय, तर तिघांनी मिळून ओली वाळू लागेपर्यंत खड्डे खणले. बायकोने डोक्यावरून खत वाहिलं, धार ओलांडून, घोट्याएवढ्या पाण्यातून. तिच्या टाळूवरचे केस विरळ झाले. म्हाताऱ्याने फळांखाली गवत अंथरलं, गरम वाळूने फळाचं बूड भाजू नये म्हणून. तो दिवसभर तिथेच असायचा, पालथ्या नावेखाली, कावळ्यांना शिव्या देत.

हे सगळं छपरासाठी. मागच्या वावटळीत घराचे पत्रे उडाले ते सापडलेच नाहीत. अर्ध्या घरावर प्लॅस्टिक ताणलेलं, ते रोज कुठेतरी फाटायचं आणि बायको ते तारेने टाचायची. कलिंगडं गेली की पत्रे आणायचे, पावसाच्या आधी. घरात याच्यापलीकडे बोलणं नव्हतं. जेवताना म्हातारा वर बघून म्हणायचा, "यंदा पाऊस आपल्या घराबाहेर पडेल म्हणतो," आणि सून म्हणायची, "पडू द्या की मामंजी, त्याला कुणी बोलावलंय आत?"

फळं डोक्याएवढी झाली आणि वीजघरातल्या ऑपरेटरने बातमी दिली. त्याला सगळे बटणवाला म्हणत. दिवसभर बटणांच्या कपाटासमोर बसलेला असायचा. जेवणाचा डबा हातात घेऊन तो सावलीला आला होता.

"चार दिवसांनी रोज दुपारी दोन्ही लागणार बरं का. शहरात उकाडा वाढलाय. दुपार झाली की घराघरात गार हवेची यंत्रं सुरू होतात, आणि वरून आमच्या डोक्यावर फोन."

जाळीवाल्याने दाताळं खाली ठेवलं. "साहेब, खाली वाळूत फळं आहेत. अजून आठवडाभर तरी..."

"साहेब कुणाला म्हणतोस? मी बटणं दाबणारा माणूस. आणि नदी काय तुझ्या बापाची आहे?" मग स्वतःच हसला. "असेल म्हणा, नावाडी होता तुझा बाप."

जाळीवालाही हसला. हसावं लागतं. त्याला स्वतःच्या हसण्याची एवढी चीड आली की पुढचा भार ओढताना त्याने तळहाताची साल काढून घेतली.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. म्हातारा वाळूतच होता. ती शिडीवर चढून प्लॅस्टिक टाचत होती. तिने ऐकलं, उरलेले दोन टाके घातले, खाली उतरली आणि हात धुतले.

"जाळी तुंबलेली असली तर मशीन चालते का हो?"

तो चपलेची माती काढत बसला.

"मी काहीतरी विचारतेय."

"तू काय विचारतेस ते कळतंय मला."

"मग सांगा."

"मला काढून टाकतील."

"टाकू देत. या छपराखाली नोकरी घेऊन बसायचंय का तुम्हाला पावसात? आठ दिवस. आठ दिवसांत कुणाचं काय बिघडतंय? त्यांना घाम येईल थोडा. आपल्याला रोज येतो."

त्याने दुसरी चप्पल उचलली, तिचीही माती काढली. मग म्हणाला, "दुसरीची जाळी वेगळी आहे." तेच त्याचं उत्तर होतं, आणि तिला ते कळलं. तिने ताट वाढलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने पहिल्या मशीनची जाळी घासूनपुसून लख्ख ठेवली. दुसरीवर मात्र दाताळं वरवर फिरवायचं, ओंजळभर पाला वर काढायचा आणि कुणी बघत असेल तर मोठ्याने कण्हायचं. खाली जलपर्णीची गादी रोज जाड होत गेली. तिच्यात लाकडं अडकली, लाकडांत पोती. आयुष्यात पहिल्यांदा काम संपल्यावर त्याची कंबर दुखली नाही. ती दुखत नाही याचीच त्याला लाज वाटत होती.

ठरलेल्या दिवशी दुपारी बटणवाल्याने एक भोंगा देऊन आधी दुसरी मशीन लावून बघितली, आणि नळाला पुरेसं पाणीच मिळेना. चाक अर्धपोटी फिरायला लागलं, सगळं वीजघर थरथरलं, खिडकीच्या काचा वाजल्या. मशीन बंद करावी लागली. दुसऱ्या दिवशी तेच. मग धरणावर वीजघराचे साहेब आले, मागे मुकादम छत्री धरून.

"ही जाळी अशी का तुंबते?" साहेबांनी विचारलं.

"तळ वर आलाय साहेब," जाळीवाला म्हणाला. खोटंही नव्हतं ते. "माणूसही एकच आहे."

मुकादमाचा चेहरा उतरला. माणूस एकच का आहे, हे साहेबांनी विचारलं असतं तर पंचाईत होती. त्याने घाईघाईने जाळीवाल्याच्या कमरेला दोर बांधला. "उतर खाली. हाताने काढ. साहेबांना दिसू दे काम कसं करतात."

त्याला कपड्यांसकट जाळीवर उतरवला. मानेपर्यंत पाणी, कुजक्या पानांचा वास, आणि पायाखाली ती गादी, त्याने स्वतः वाढवलेली. वर साहेब रुमाल नाकाला लावून बघत होते. त्याने मूठभर वेल उपसला, टाकला, पुन्हा मूठभर. एकदा हाताला मेलेलं डुकराचं पिल्लू लागलं, तेही वर धरून दाखवलं. मुकादम वरून ओरडत होता, "झोपलास काय, जोर लाव. काम नको असेल तर सांग, दारात रांग लागलीय." त्याच्या नाकातोंडात पाणी जात होतं आणि त्याला वाटत होतं, आणखी शिव्या दे बाबा, तेवढाच वेळ जाईल.

"हे याच्याने होणार नाही," शेवटी साहेब म्हणाले. "शहरातून पाणबुडे मागवा."

पाणबुडे यायला चार-सहा दिवस लागणार होते. त्याला वर ओढून घेतला तेव्हा तो थंडीने कुडकुडत होता, भर उन्हात. पण मनात हिशेब जुळला होता.

इकडे म्हातारा रोज एकेका कलिंगडाला कान लावून टिचकी मारायचा. "हे अजून आंबट तोंडाचं आहे," म्हणायचा. "हे बोलायला लागलंय." तो खुशीत होता. "दुसरी मशीन आजारी पडली म्हणे. बघ पोरी, देव ऐकतो कधीकधी." सून आणि मुलगा एकमेकांकडे न बघता जेवत राहिले. म्हाताऱ्याला त्यांनी सांगितलं नव्हतं. नदीच्या बाबतीत खोटेपणा त्याला चालला नसता.

तोडणीचा दिवस उजाडला. व्यापाऱ्याची गाडी दुपारी काठावर येणार होती. सकाळपासून सून आणि सासरा फळं तोडून नावेच्या सावलीत रचत होते. गाडी आली की टोपल्यांनी धार ओलांडून न्यायची. जाळीवाल्याने निघताना एक फळ फोडून बघितलं. आतून लालभडक. बायकोने एक फोड त्याच्या तोंडात घातली, त्याच्या ओठांवरचा रस पदराने पुसला आणि म्हणाली, "उद्या जाळी साफ करून टाका. झालं आपलं."

"आजच करतो," तो म्हणाला.

आणि खरोखरच तो धरणावर जाऊन दुसऱ्या जाळीला भिडला. मनापासून ओढत होता. उन्हं डोक्यावर आली, आणि त्याला दोन माणसं लोखंडी दांडा खांद्यावर घेऊन धरणाच्या पलीकडच्या टोकाला जाताना दिसली. तिथे मोरी होती, धरणाच्या बुडाशी काढलेलं जुनं तोंड. तिचा वीजघराशी संबंध नव्हता, खातंही दुसरं, माणसंही दुसरी. तिचा दरवाजा हाताने चाक फिरवून उघडायचा. या उन्हाळ्यात तो कुणी उघडला नव्हता.

तो दाताळं टाकून त्यांच्याकडे गेला. "आज इकडे कुठे?"

"खालच्या शहराचे नळ कोरडे पडलेत," दोघांतला थोरला म्हणाला. दांडा चाकात अडकवून झाला होता. "रोज तुमच्या मशिनीतून पाणी जायचं ठरलं होतं. तुमची दुसरी बाई आजारी पडली, पाणी काही पुरेना. मग आम्हाला सांगितलं, राहिलेलं सगळं मोरीच्या दरवाजातून एकदम सोडा."

"एकदम?"

"एकदम. दोन मशिनींपेक्षा जास्तच जाईल."

जाळीवाल्याने दांडा धरला. "थांबा. खाली माणसं आहेत. माझी माणसं आहेत."

"मग वीजघरात सांग की भोंगा वाजवायला. आम्हाला साधी शिट्टीपण दिलेली नाही." थोरल्याने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. "पळ तू. आम्ही हळूहळू फिरवतो. पण थांबता येणार नाही, शहरातून सारखा फोन चालू आहे."

त्याने धावता धावता बायकोला फोन लावला. लागणार नाही हे माहीत होतं. नदीच्या त्या घळीत कधीच रेंज नसते. तरी लावला. मग पायऱ्या दोन-दोन करत उतरला. शेवटच्या वळणावर त्याने पाणी ऐकलं. मोरी सुटली होती.

वीजघरात दोन्ही मशिनी बंद, शांत. बटणवाला वर्तमानपत्राने वारा घेत होता.

"भोंगा वाजवा. दोन. लवकर."

"कोणती मशीन लागलीय?"

"मशीन नाही, मोरी सोडलीय. पाणी निघालंय."

"मोरी आपली नाही," बटणवाला म्हणाला. "आणि भोंगा मशीनचा असतो, पाण्याचा नसतो."

"माझी बायको आहे खाली. बाप आहे."

बटणवाला काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने फोन उचलला, साहेबांना लावला. साहेब बैठकीत होते. "हे बघ, मागच्या वर्षी चुकून दोन वाजले. माणसं कामं टाकून पळाली, पाणी काही आलं नाही, मग सगळे फाटकावर दगड घेऊन आले. माझी बदली होता होता राहिली. तेव्हापासून मशीन लागल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, असा हुकूम आहे. थांब, साहेब बाहेर आले की विचारतो." त्याने पुन्हा नंबर फिरवला. "तुझी जाळी साफ असती ना, तर आत्ता मशीन लावली असती आणि तुझे दोन भोंगे वाजवले असते. करतोस साफ? लगेच लावतो."

जाळीवाल्याने त्याला खुर्चीसकट बाजूला ढकललं आणि लाल बटण दाबलं.

भोंगा वाजला. लांब, अंग शहारेल असा. मग त्याने बोट उचललं. दोन वाजवायचे म्हणजे मध्ये थांबायचं, हे लहानपणापासून कानात बसलेलं. त्याने श्वास घेण्याइतकं थांबायचं म्हणून बोट उचललं. तेवढ्यात दारावरच्या पहारेकऱ्याने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. तो हात लांबवत राहिला, बटण वीतभर अंतरावर होतं, आणि पहारेकरी गडी दणकट होता. दोघांनी त्याला उचलून बाहेर पायऱ्यांवर फेकला आणि आतून दार लावून घेतलं. दारावर लाथा मारण्यात वेळ घालवायचा की पळायचं, हे त्याला कळायला जरा वेळ लागला. मग तो काठाने पळत सुटला.

पाणी त्याच्या पुढे होतं. गढूळ, फेसाळ, काठ कुरतडत चाललेलं. वळणावर पोचला तेव्हा उंचवटा कुठे होता तेही ओळखू येईना. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नुसती नदी, कित्येक वर्षांत दिसली नव्हती तशी. आणि तिच्यावर कलिंगडं. हिरवी, गोल, एकमेकांना ढुशा देत निघालेली. पलीकडे काठावर व्यापाऱ्याची गाडी उभी होती आणि चालक खाली उतरून तोंडावर हात ठेवून बघत होता.

बायको त्याला खूप खाली सापडली. पालथी नाव खडकांत अडकली होती आणि ती नावेच्या बुडाला घट्ट कवटाळून पडली होती, नखं लाकडात रुतलेली. त्याने ती बोटं एकेक करून सोडवली. तिच्या तोंडात वाळू होती, एका पायाची घोट्याखालची कातडी निघाली होती.

"बाबा?"

तिने हाताने खाली दाखवलं, पाणी जात होतं तिकडे. नावेवर तिला म्हाताऱ्यानेच ढकललं होतं.

"एकच वाजला हो," ती म्हणाली. दिवसभर ती एवढंच म्हणत राहिली.

म्हातारा दुसऱ्या दिवशी खालच्या पुलाच्या खांबाशी मिळाला.

चौकशी शाळेच्या पडवीत झाली. साहेब होते, वरून आलेले एक मोठे अधिकारी होते, मोरीवाले, बटणवाला, मुकादम. अर्धं गाव उभं. मोठ्या अधिकाऱ्यांनी फार काही विचारलं नाही. प्रत्येकाला एकच: "त्या दिवशी दुपारी भोंगा वाजला होता का?"

"वाजला," व्यापाऱ्याचा चालक म्हणाला.

"वाजला की. मी म्हशी धूत होतो, स्पष्ट ऐकला."

"वाजला," दहाजणांनी सांगितलं. कुणी खोटं बोलत नव्हतं. एकाने हळूच म्हटलं की एकच वाजला, दोन वाजायला हवे होते. "दोन मशिनी लागल्याच नव्हत्या, तर दोन कसे वाजतील?" साहेब म्हणाले, आणि तो माणूस गर्दीत मागे सरला.

शेवटी जाळीवाल्याच्या बायकोला विचारलं. ती पायाला फडकं गुंडाळून भिंतीला टेकून बसली होती. "वाजला," ती म्हणाली. "एक."

"म्हणजे सूचना मिळाली होती," मोठे अधिकारी म्हणाले. आवाज मऊ होता त्यांचा. "बाई, तुमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळलाय, मला कळतं. पण सूचना मिळूनही माणसं पात्रात थांबली, तर खातं भरपाई कशी देणार?" मग जाळीवाल्याकडे वळले. "तू तर आमचाच माणूस. तुला काही सांगायचंय?"

जाळीवाला उभा राहिला. बटणवाला जमिनीकडे बघत होता. सांगायला लागलं असतं तर भोंग्यापासून मोरी, मोरीपासून दुसरी मशीन आणि मशीनपासून जाळी, सगळं सुतासारखं उलगडत त्याच्या हातातल्या दाताळ्यापर्यंत आलं असतं. त्याने बायकोकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"नाही साहेब," तो म्हणाला.

सगळे पांगले तेव्हा बटणवाला त्याच्याजवळ आला. त्याचे डोळे खरंच ओले होते. "तू त्या दिवशी दाबलंस म्हणून वाचलो बघ आम्ही सगळे. नाहीतर भोंगाच नाही म्हणून तुरुंगात गेलो असतो. मी कुणाला सांगणार नाही." मागून मुकादमाने खांद्यावर हात ठेवला. "ये उद्यापासून. पाणबुड्यांनी जाळी मोकळी केलीय. आणि तुझ्या जोडीला दुसरा माणूसही देतो, साहेबांनी सांगितलंय." खांद्यावरचा हात झटकून टाकावा असं जाळीवाल्याच्या मनात आलं. त्याने तो झटकला नाही.

घरी आल्यावर बायकोने चूल पेटवली. ऊन कलतं होतं आणि प्लॅस्टिकमधून घरात पिवळट उजेड पडला होता. म्हाताऱ्याची वाटी, लोटा कोपऱ्यात तसाच. तो तिच्यासमोर बसला. निदान तिला तरी हे सांगायलाच हवं होतं.

"तो भोंगा मी वाजवला होता," तो म्हणाला. "ते वाजवायला तयार नव्हते. मी ढकलून दाबला. दुसरा वाजवणार तेवढ्यात मला ओढून काढलं."

तिचा हात थांबला. त्याला वाटलं ती रडेल, आणि रडली तर बरं होईल.

"मामंजी उठले होते," ती म्हणाली.

"काय?"

"बगळे उठले ना वळणावरचे, सगळे एकदम. मामंजींनी बघितलं. म्हणाले, पोरी, पाणी येतंय, मोठं येतंय, टाक ते आणि चल. मी टोपली टाकली. आम्ही धारेपर्यंत आलो होतो. माझा एक पाय पाण्यात होता." तिने लाकूड आत सारलं. "मग भोंगा वाजला. मामंजी थांबले. म्हणाले, एकच आहे. आज पहिली लवकर लावली वाटतं, म्हणून उठले बगळे. तरी आम्ही थांबलो दुसऱ्यासाठी. नाही वाजला. म्हणाले, चल, राहिलेली फळं सावलीत घेऊ. आणि हसले माझ्याकडे बघून, मी उगाच घाबरले म्हणून. आम्ही मागे फिरलो."

जाळीवाल्याची बोटं मांडीवर वळलेली पडली होती. आज तिने ती सरळ केली नाहीत.

"तुम्ही वाजवायलाच नको होता," ती म्हणाली. रागाने नाही, सांगावं तसं सांगितलं.

तेवढ्यात वीजघराचा संध्याकाळचा भोंगा सुरू झाला. लांब वाजला आणि थांबला. तिच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं, त्याने मान वर केली, आणि दोघंही दुसऱ्याची वाट बघत बसली.